आफ्रिकेतले ग्रिओ नुसते गायक असतात का? त्यांना समाजाचा आवाज का म्हणतात?

नाही हो, नुसते गायक नाहीत. माली, गिनी, गांबिया या पट्ट्यातले मांदे लोक त्यांना जेली म्हणतात आणि हे काम घराण्यातच चालत येतं, कुयाते, दियाबाते ही आडनावं ऐकली की तिकडे लगेच कळतं. लग्न-बारशाला जेली येतो, यजमानाच्या पूर्वजांची नावं नि पराक्रम गातो, आणि दोन घरांत वाजलं तर मिटवायलाही त्यालाच बोलावतात कारण त्याच्या शब्दाला वजन असतं. 13व्या शतकातल्या सुंदियाता राजाची कथा शेकडो वर्षं यांच्याच तोंडून टिकली, मला तर हे फार मोठं वाटतं. ऐकायचं असेल तर तुमानी दियाबातेंचा कोरा ऐका, भोपळ्याचं 21 तारांचं वाद्य, 2024 मध्ये गेले ते.