‘बाय’ला नुसता ‘ने’ लावून भागत नाही

प्रश्न असा आहे: इंग्रजी ‘बाय’चे अर्थ शाळेत ‘जवळ’, ‘पर्यंत’ आणि ‘ने’ असे शिकवतात. पण ‘सोल्ड बाय द डझन’ किंवा ‘टू सन्स बाय हिज फर्स्ट वाइफ’ यांत यातला एकही बसत नाही. मग मराठीत काय लिहायचं?

स्थळकाळाचे अर्थ बाजूला ठेवू. उरलेल्या ‘बाय’ला एक ठरलेला प्रत्यय नाहीच. त्याच्यापुढे काय आलंय ते आधी बघायचं, माप, अवयव की माणूस, आणि मग प्रत्यय निवडायचा.

सगळ्यात महागात पडते ती मापाची चूक. 8 फेब्रुवारी 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचं कर्ज देते तो दर, वाढवला. इंग्रजी वाक्य साधारण असं होतं: ‘रेज्ड बाय 25 बेसिस पॉइंट्स टू 6.50 पर्सेंट’. बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्क्याचा शंभरावा भाग, म्हणून 25 म्हणजे पाव टक्का. इथे ‘बाय’ फरक सांगतो आणि ‘टू’ वाढीनंतरचा आकडा. मराठीत फरकाला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो, वाढीनंतरच्या आकड्याला ‘वर’: दर पाव टक्क्याने वाढून साडेसहा टक्क्यांवर गेला. घाईत ‘साडेसहा टक्क्यांनी वाढला’ असं लिहिलं, तर आधीच्या सव्वासहात साडेसहा मिळवून दर पावणेतेरा होतो! आणखी एक खोच आहे. 6.25 वर 0.25 ही वाढ शेकड्याने मोजली तर 4 टक्के भरते. म्हणून अशा बातमीत जुना आणि नवा दोन्ही दर द्यावेत, म्हणजे वाचकाचा घोळ होत नाही.

विक्री आणि मजुरी यांत मात्र ‘बाय’चं काम आपल्याकडे ‘वर’ करतो. केळी डझनावर, भाजी किलोवर, माणूस रोजावर. ‘केळी डझनाने विकली’ म्हटलं की पुष्कळ विकली असा सूर लागतो. इंग्रजी ‘बाय द डझन’लाही हा दुसरा अर्थ आहेच, तेव्हा संदर्भ पाहूनच ठरवावं. उलट इंग्रजी लिहिताना ‘द’ विसरू नये: ‘बाय द डझन’, ‘बाय द आवर’. ‘बाय वेट’ला मात्र ‘द’ नाही.

अवयव धरला तर ‘ला’: ‘कॉट हिम बाय द आर्म’ म्हणजे त्याच्या दंडाला धरलं. इथे मराठी माणूस हटकून ‘बाय हिज आर्म’ लिहितो. इंग्रजीत रुळलेलं रूप ‘द’चं.

माणूस आला की लोक ‘द्वारे’कडे धावतात आणि वाक्य लाकडी होतं. ‘चोराला पोलिसांद्वारे अटक करण्यात आली’ कशाला? ‘पोलिसांनी चोराला अटक केली’ हे सरळ मराठी. ‘कडून’ही जपून वापरावा. ‘माझ्याकडून कप फुटला’ यात ‘मुद्दाम नाही फोडला’ ही कबुली आहे, आणि इंग्रजी ‘बाय मी’त ती नाही. ‘मार्फत’ फक्त मध्यस्थाला.

‘टू सन्स बाय हिज फर्स्ट वाइफ’ला ‘पासून’ हवा: पहिल्या पत्नीपासून झालेले दोन मुलगे.

पेशाने वकील, जन्माने कोकणी, स्वभावाने तापट, नावाने ओळखतो, इथे शाळेतला ‘ने’ बिनदिक्कत चालतो. ‘बाय मिस्टेक’ला सुटसुटीत ‘चुकून’ असताना ‘चुकीद्वारे’ लिहू नये.

आणि एक ‘बाय’ तर आपण मराठीतच घेतलाय. ‘10 बाय 12 ची खोली’ यात तो गुणाकाराचा, लांबी गुणिले रुंदी. हॉटेलात ‘वन बाय टू सूप’ सांगतो तेव्हा तोच भागाकाराचा होतो, एकाचे दोन वाटे. पहिला ‘बाय’ इंग्लंडातही तसाच चालतो. दुसरा आपल्या देशातला. लंडनच्या हॉटेलात एक सूप आणि दोन वाट्या असंच सांगावं लागेल.