वाचक विचारतात : मसाल्याच्या चहाची ऊब

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत पहाटे आले, मिरी आणि वेलची घातलेला वाफाळता चहा घेतला की अंगात ऊब आल्याचे मला स्पष्ट जाणवते. माझा मुलगा मात्र म्हणतो, की एका कपाने शरीर तापत नाही, हा नुसता मनाचा खेळ आहे. आमच्यापैकी कोणाचे खरे मानावे?

उत्तर : हिशेब आपल्या मुलाच्या बाजूने आहे, पण ‘मनाचा खेळ’ हे त्याचे शब्द मात्र मला मान्य नाहीत. हिशेब असा : १५० मिलिलिटर चहा ६० अंश सेल्सिअसला प्यायला, तर तो शरीराच्या ३७ अंशांपर्यंत निवताना सुमारे साडेतीन किलोकॅलरी उष्णता देतो. साठ किलो वजनाच्या माणसाचे तापमान एका अंशाने वाढवायला साधारण पन्नास किलोकॅलरी लागतात. म्हणजे त्या कपामुळे फार तर ०.०७ अंशाची भर पडते आणि तीही लवकरच ओसरते.

तरीही आपल्याला जाणवते ती ऊब खरी आहे, कारण ती ज्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचते ती वाट शरीरातच आहे. जिभेच्या आणि तोंडाच्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही१ नावाचा एक ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन, असतो. सुमारे ४३ अंशांपुढील उष्णता लागली की तो उघडतो आणि ‘गरम’ असा निरोप धाडतो. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मिरचीतील कॅप्सेसिनच्या साह्याने हा ग्राही शोधला आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्युलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. मिरीतील पिपरिन आणि आल्यातील जिंजरॉल हीदेखील याच ग्राहीला जागे करतात. मसाल्याचा चहा घेताना एकाच दारावर चहाची खरी उष्णता आणि मसाल्याचा तिखटपणा अशा दोघांची थाप पडते. म्हणून साध्या चहापेक्षा त्याची ऊब अधिक वाटते आणि घोट गिळून झाल्यावरही घशात रेंगाळते.

त्यात हातांचाही वाटा आहे. गारठ्याने बोटांतील रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. दोन्ही तळव्यांत कप धरला, की आधी केवळ चटका जाणवतो आणि मग हळूहळू बोटांची टोके मऊ पडल्यासारखी वाटू लागतात. त्याच वेळी वाफ नाकात शिरते, तिखटाने नाकातील ग्रंथी पाझरू लागतात आणि चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. हा चहा कप हातात धरून सावकाश पिण्यातच त्याचे सारे सुख आहे, असे मला मनापासून वाटते. घाईने दोन घोटांत संपवल्यास यातले बरेचसे हातचे निसटते.

प्रश्न : थंडीत आले जास्त घालते, तेव्हा चहा हमखास फाटतो. फाटला नाही तर कडवट लागतो, आणि वेलची मुक्तहस्ताने घालूनही तिचा दरवळ राहत नाही. माझे काय चुकते? दूध, पाणी, चहापूड आणि मसाला मी एकदमच उकळत ठेवते.

उत्तर : ‘एकदमच’ या शब्दात आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ आहे. प्रत्येक मसाला आपला गुण वेगळ्या वेळी आणि वेगळ्या रीतीने सोडतो.

आधी आल्याविषयी. ताज्या आल्याच्या रसात प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते आणि ते केसीन या दुधातील मुख्य प्रथिनावर काम करते. गार किंवा कोमट दुधात किसलेले आले पडले, की दूध तापेपर्यंत त्या विकराला आयतीच सवड मिळते. म्हणून आले ठेचून फक्त पाण्यात घालावे आणि तीन-चार मिनिटे खळखळ उकळावे. उकळीत ते विकर निष्प्रभ होते. मग वेगळे तापवलेले दूध त्यात ओतावे. एवढे करूनही चहा फाटला, तर तेच दूध एकटे उकळून पाहावे. ते फाटल्यास दोष आल्याचा नसून शिळ्या, आंबू लागलेल्या दुधाचा आहे. गूळ घालत असाल, तर तो आच बंद केल्यावर, गाळण्याच्या बेतात घालावा. सुंठ वापरल्यास बेताने घ्यावी : आले वाळताना जिंजरॉलचे शोगाऑल होते आणि ते अधिक झणझणीत असते.

मिरी, लवंग आणि दालचिनी यांना आल्याबरोबरच पाण्यात पडू द्यावे. दालचिनीचा तुकडा आणि अख्खी लवंग मंद आचेवर मुरायला वेळ घेतात. मिरी ओबडधोबड कुटावी. पिपरिन पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. त्यामुळे मलईदार दुधाच्या चहात मिरीचा तिखटपणा अधिक गोलसर लागतो. लवंग मात्र दोन कपांना एकच पुरे. तिच्यातील युजेनॉलने जीभ बधिर होते आणि बाकी मसाल्यांची चव कळेनाशी होते.

वेलचीचे गणित याच्या अगदी उलट आहे. तिचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो आणि दहा मिनिटे उकळत ठेवलेल्या चहातून तो वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो, कपात फारसा उरत नाही. आपल्या घरभर दरवळ येत असेल आणि घोटात येत नसेल, तर कारण हेच. वेलचीचे टरफल सोलून आतले काळे, किंचित चिकट दाणे ऐन वेळी कुटावेत, आच बंद करताना घालावेत आणि भांड्यावर दोन मिनिटे झाकण ठेवावे. आधीच करून ठेवलेल्या पुडीने ही गोडी येत नाही.

राहिला कडवटपणा. चहापूड फार वेळ उकळल्याने तो येतो. बारीक दाणेदार सीटीसी चहा, म्हणजे पाने यंत्रात चिरडून, फाडून आणि वळवून केलेला चहा, फार लवकर उतरतो. दोन-तीन मिनिटे त्याला पुरेशी आहेत. दुधातील केसीन चहाच्या तुरट घटकांना बांधून घेते, म्हणून चव सौम्य होते. पण जास्त उकळलेल्या चहाला दूधही सावरू शकत नाही.

प्रश्न : हिवाळ्यात माझे दिवसाला पाच-सहा कप होतात. मसाला असल्यामुळे अपाय कमी होतो का?

उत्तर : नाही, मसाल्याने कॅफीन कमी होत नाही. एका कपात ते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते आणि निरोगी प्रौढाने दिवसाला ४००, तर गर्भवतीने २०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये सांगितले. आपण गर्भवती नसाल, तर आपले कप मर्यादेत बसतात, पण संध्याकाळनंतरचा कप झोप उडवू शकतो. त्या वेळी चहापूड वगळून आले-वेलचीचे दूध घ्यावे. चहातील टॅनिन वनस्पतिजन्य लोहाचे शोषण कमी करतात, म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. रक्तक्षयाचा त्रास असलेल्यांनी तर ते कसोशीने पाळावे. आणि फार कढत पिऊ नये. ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास संभवतः कारणीभूत असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले आहे. गाळल्या गाळल्या चहा याहून गरम असतो. कप हातात धरून त्याला चार-पाच मिनिटे निवू द्यावे आणि ओठांना चटका बसेनासा झाल्यावर पहिला घोट घ्यावा.