घाम येतोय म्हणजे अंग थंड होतंय असं नाही (भिवंडीच्या गोडाऊनबद्दल विचारलंय त्यांच्यासाठी)

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या 44 डिग्रीत काम केलं तेव्हा काही झालं नाही, आणि इथे भिवंडीला पत्र्याच्या गोडाऊनमध्ये 35 लाच शर्ट पिळावा लागतो, संध्याकाळी गरगरतं, वर सुपरवायझर म्हणतो घाम येतोय ना, मग बॉडी थंडच होतेय. राहवलं नाही म्हणून लिहितोय, हे वाक्य मी पण खूप ऐकलंय.

पाणी, लिंबू-सरबत, ओआरएस हे तुम्ही करतच असाल, त्यात जात नाही.

मुद्दा एकच, घाम आल्याने नाही, घाम वाळल्याने अंग थंड होतं. 1 लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि लोडिंगच्या कामात तासाला तेवढा घाम सहज निघतो. पण जो थेंब हनुवटीवरून खाली पडला तो वाया, पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा काहीच नाही. नागपूरला मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत वाळतो. इथे खाडीची दमट हवा, त्यात आधीच वाफ भरलेली, घाम जाणार कुठे? कोकणात माठातलं पाणी विदर्भाइतकं गार होत नाही त्याचं कारणही हेच.

आता आमच्याकडचं सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. गरम होतंय म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून तक्रार केली तर अ‍ॅडमिन ऑफिसने पाण्याचे मोठे कूलर आणून बसवले, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून शटर खाली ओढायला लावले. सुरुवातीला बरं वाटलं, मग शेडमध्ये अशी दमट कोंडी झाली की कार्टन मऊ पडायला लागले, टेप चिकटेना. परत तक्रार केली तर ऑफिसचा माणूस थर्मामीटर घेऊन आला, आधी 36 होतं आता 33 आहे, तुम्हाला अजून काय पाहिजे म्हणाला. रजिस्टरला फक्त तापमानाचा कॉलम, ह्युमिडिटी मोजायचं कोणाच्या डोक्यातच नाही. त्याच आठवड्यात एक लोडर कोसळला, नंतर मी, सलाईन लागलं, आणि घरी बसलो त्या दिवसांचा पगार कापला कारण त्यांच्या मते 33 डिग्रीत कोणाला ऊन लागत नाही. आजही आठवलं की संताप होतो, माल ओला झाला तेव्हा त्यांनी कूलर हलवले, माणसं पडली तेव्हा नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, बंद शेडमध्ये किनारपट्टीला पाण्याचा कूलर नकोच. असेलच तर पंप बंद करून नुसता पंखा चालवा, समोरासमोरची शटर उघडा, गरम हवा वरून निघायला छपरावर टर्बो व्हेंटिलेटर मागा. पंख्याचा फायदा इथे होतो कारण तो अंगाजवळची दमट हवा हटवतो, पण विदर्भात 45 ला कोरड्या अंगावर तोच पंखा उलट भाजतो, तिथे अंग ओलं ठेवून बसायचं.

ऑफिसला पटवायचं असेल तर दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओली सुती वात गुंडाळा, दोन्ही पंख्यासमोर धरा. दोघांच्या आकड्यात फरक जितका कमी तितका घाम वाळायला वाव कमी. ओल्याचा आकडा 35 ला पोचला तर नुसता बसलेला धडधाकट माणूससुद्धा फार तास तग धरत नाही, आणि वजन उचलणाऱ्याची हद्द त्याच्या बरीच खाली असते. फोटो काढून ठेवा, तारीख-वेळेसकट.

मी डॉक्टर नाही, बीपीच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांनी घाम कमी येतो, काहींनी अंगातलं पाणी कमी होतं. घामोळं आलेल्या जागी पण घाम नीट बाहेर येत नाही, त्यावर पावडरचे थर देऊ नका. नायलॉनचं जॅकेट घालायची सक्ती असेल तर त्यावर आधी भांडा.

आणि एक, घाम थांबला की मगच उष्माघात असं समजू नका. मेहनतीचं काम करणाऱ्याला घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. कोणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलेलं असलं, की लगेच कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, जोरात वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

तुमच्या शेडला एक्झॉस्ट कुठल्या बाजूला आहेत आणि दुपारी शटर उघडी असतात का ते लिहा, मग पुढचं सांगतो.