जास्तीचं ताट

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. हात चांगला वळला आहे. पण तिसऱ्याच पानावर भूत आलं आणि तिथून पुढे मला भीती वाटेनाशी झाली. भयकथाच लिहायची असं तू ठरवलंच आहेस, तर हा प्रकार आला कुठून ते जरा मागे जाऊन बघ. तुझ्या कामाचं आहे.

अशा कथांना ‘गॉथिक’ म्हणतात, पण तो शब्द आधी इमारतींना लागला. टोकदार कमानी, उंच मनोरे, अंधारे जिने अशा मध्ययुगीन युरोपीय बांधकामाला पुढच्या इटालियन लोकांनी नाक मुरडून दिलेलं हे नाव, गॉथ टोळ्यांवरून. म्हणजे रानटी. पुढे तीच शैली इंग्रजांना नव्याने आवडू लागली. तिची लाट मुंबईपर्यंत आली, सीएसएमटीची इमारत तू पाहिलीच आहेस. होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाने लंडनजवळ ट्विकनहॅमचं आपलं घर हौसेने तसं सजवलं होतं. एका रात्री त्याला स्वप्न पडलं: मोठ्या जिन्याच्या अगदी वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात. त्यातून १७६४ मध्ये ‘द कासल ऑफ ओट्रांटो’ ही कादंबरी आली. आधी त्याने स्वतःचं नाव दडवून ती जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर म्हणून खपवली, मग दुसऱ्या आवृत्तीवर ‘गॉथिक कथा’ असं छापलं आणि या प्रकाराला नाव मिळालं. आज ती कच्ची वाटते. पण जिना आधी होता आणि हात त्यावर नंतर आला, एवढं तिच्यातून घे.

१८१६ च्या उन्हाळ्याची गोष्ट सगळेच सांगतात. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, त्याने युरोपचं हवामान बिघडलं, जिनिव्हा सरोवराकाठी पाऊस उघडेना, आणि घरात अडकलेल्या मंडळींना कवी बायरन म्हणाला, प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहूया. त्यांच्यातल्या अठरा वर्षांच्या मेरीने, म्हणजे पुढच्या मेरी शेलीने, ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली. ते सगळं खरं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मार्च १८१५ मधली तिची रोजनिशी. दिवस भरण्याआधी जन्मलेली तिची मुलगी जेमतेम दोन आठवडे जगली. नंतर एका रात्री मेरीला स्वप्न पडलं, की बाळ नुसतं गारठलं होतं. शेकोटीपुढे धरून चोळलं आणि ते जिवंत झालं. जाग आली तर बाळ नाही. हे तिने दोन-तीन साध्या वाक्यांत लिहून ठेवलं आहे, रडल्याचा उल्लेखसुद्धा नाही. तिची स्वतःची आई ती जन्मल्यावर अकरा दिवसांनी बाळंतज्वराने गेली होती.

आता ती कादंबरी पुन्हा उघड. डोळे उघडताच निर्मात्याने टाकून दिलेला एक जीव, ज्याला शेवटपर्यंत नावसुद्धा मिळत नाही. तो भिंतीच्या फटीतून शेजारच्या झोपडीतल्या कुटुंबाचं बोलणं ऐकत भाषा शिकतो, ती प्रकरणं सावकाश वाच. त्यांच्यासाठी तो रात्री गुपचूप लाकडं फोडून ठेवतो. मला सगळ्यात जास्त भीती तिथे वाटते, कारण ही माणसं त्याला घरात घेणार नाहीत हे आपल्याला आधीच कळलेलं असतं.

‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरची वाट वेगळी. १८९० मध्ये तो व्हिटबी या इंग्लिश बंदरगावी मुक्कामाला होता. पाच वर्षांपूर्वी ‘दिमित्री’ नावाचं रशियन जहाज तिथल्या किनाऱ्यावर वादळात आपटलं होतं. त्याने तटरक्षकांना विचारून तपशील टिपून घेतले, जहाजात वाळू भरलेली होती हेसुद्धा. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त तेच जहाज ‘डिमीटर’ होऊन येतं, तळाशी वाळू आणि वर मातीने भरलेल्या पेट्या घेऊन. ट्रान्सिल्व्हेनियाला तो कधी गेलाच नव्हता. मला वाटतं, म्हणूनच आगगाडीच्या वेळा, रोजनिशीतल्या तारखा, टाइपरायटर हे सगळं तो इतकं घट्ट धरून ठेवतो. गाडीची वेळ पटली की वाचक रक्त पिणाऱ्या काउंट ड्रॅक्युलावरही विश्वास ठेवतो.

धारप, मतकरी तू वाचतोसच. मतकरींच्या गूढकथा आता हातात पेन्सिल घेऊन वाच आणि काही घडण्याआधीच्या परिच्छेदांवर खुणा कर.

राहता राहिली तुझी कथा. तुझ्या वाड्यातली आजी रोज रात्री एक ताट जास्तीचं वाढते आणि सकाळी ते स्वतःच घासते, सुनेला हात लावू देत नाही. यावर तू एक ओळ लिहिलीस आणि पुढे निघून गेलास! भूत निदान दहा पानं बाजूला ठेव आणि त्या स्वयंपाकघरात बस. ताटात काय वाढलेलं असतं, ते कुणाच्या आवडीचं? पाण्याचा तांब्या कुठे ठेवते? सून पहिल्यांदा विचारते तेव्हा आजी काय म्हणते? कच्चं लिहिलेलं असलं तरी पाठव, मी वाट बघतो.

आणि ते ताट तू कुठे पाहिलंस, हे सांगावंसं वाटलं तरच सांग.

तुझे,
सर