आईच्या हिश्श्याच्या दाव्यासाठी सोलापुरात परवडणारा वकील कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या घरातला आईचा वाटा मामा द्यायला तयार नाहीत, आई विड्या वळतात आणि हाताशी जेमतेम पंधरा-वीस हजार आहेत. मी वकील नाही. बहिणीच्या पोटगीच्या केसमध्ये चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलो, त्यातून जे कळलं ते सांगतो.

एक रुपयाही खर्च करण्याआधी आईंना घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे. आम्हाला एका शेजाऱ्याने पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं होतं. पण फुकटचा वकील काय लढणार, असं म्हणून आम्ही खासगी वकील केला आणि पंधरा हजार एकदम देऊन टाकले, पावतीही घेतली नाही. पुढे दर तारखेला वेगळाच ज्युनिअर उभा राहायचा. बहिणीचं नावसुद्धा त्याला फाइल उघडून बघावं लागायचं.

दीड वर्षाने प्राधिकरणाकडे अर्ज केला. तिथून मिळालेल्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत तासभर बहिणीचं सगळं ऐकून घेतलं, तेही तेलुगूत. आमच्या पूर्व भागातल्या बायका व्यवहारापुरतं मराठी बोलतात, पण घरातलं दुखणं तेलुगूतच सांगू शकतात. ज्या गोष्टी बहिणीने आधीच्या वकिलाला कधीच सांगितल्या नव्हत्या, त्या त्या दिवशी बाहेर आल्या. तुमच्या आई घरी तेलुगू, कन्नड, जे बोलत असतील ते समजणारा वकील बघा. उलटतपासात उभं त्यांना राहायचंय, तुम्हाला नाही. प्राधिकरणाने दिलेला वकील तुमच्याकडून पैसे घेऊ शकत नाही. मागितले तर सरळ तिथल्या सचिवांकडे तक्रार करा.

कोर्ट फीचंही ऐका. मालमत्तेचा वाद, पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचार या प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्री पक्षकाराला १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. आईंच्या नावाने दावा असताना कोणी स्टॅम्पसाठी मोठा आकडा सांगितला, तर कशाचा म्हणून विचारा.

तरीही खासगी वकीलच करायचा ठरला, तर आधी कागद गोळा करा: घराचा सिटी सर्व्हे उतारा, आजोबांचा मृत्यू दाखला, महापालिकेच्या कराच्या पावत्या, वारसांची नावं. सोबत कोण कुणाचं, कोण कधी गेलं, हे एका पानावर लिहून काढा. मग दोन-तीन वकिलांना भेटा. वाटपाचे दावे ते नेहमी चालवतात का आणि साक्षीपुराव्याच्या दिवशी स्वतः उभे राहणार का, एवढं विचारलं की पुरे. केस शंभर टक्के जिंकून देतो म्हणणाऱ्याच्या टेबलावरून उठा.

फी टप्प्याटप्प्याने ठरवा: दावा दाखल करताना काही, मनाई अर्जाच्या (निकालापर्यंत मामांनी घर विकू नये, यासाठीच्या अर्जाच्या) वेळी काही, पुराव्याला आणि युक्तिवादाला उरलेली. दर तारखेला पैसे द्यायचं ठरलं तर प्रत्येक पुढची तारीख तुमच्याच खिशाला लागते. आकडा कागदावर घ्या, पैसे यूपीआयने द्या. घर मिळालं की इतके टक्के द्या, असा करार कुणी सुचवला तर नको म्हणा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे.

दावा दाखल झाला की सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा ओळख नंबर, मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं, ते घरबसल्या दिसतं. आमच्या पहिल्या वकिलाच्या तारखा कशा वाया गेल्या, ते आम्हाला तिथेच समजलं. वकील बदलावा लागला आणि फीवरून वाद झाला, तरी फीसाठी तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे.

आणखी एक. प्राधिकरणात अर्ज देताना, दावा दाखल होण्याआधी मामांना समेटासाठी बोलवावं, असंही लिहून द्या. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करण्याआधी आईंना प्रत्येक ओळ त्यांच्या भाषेत वाचून दाखवा.