विहिरीतली काळी माती आणि गुदमरलेले समुद्र

प्रश्न: एप्रिलमध्ये घरामागे विहीर खणली. वरचा जांभा फोडला, मग पांढरी चिकणमाती, आणि त्याखाली हातभर काळीकुट्ट माती लागली. कुजक्या अंड्यासारखा वास, आत पानांचे ठसे, कोळसा झालेलं लाकूड आणि सोन्यासारखे चमकणारे दाणे. गडी म्हणाले सोनं. पुतण्या म्हणतो हा जुना समुद्र ऑक्सिजन संपून मेल्याचा पुरावा, त्याने व्हिडिओ बघितलाय. खरं काय? – एक वाचक, पावसजवळून

उत्तर: सोनं नाही हो, ते आधीच सांगून टाकते म्हणजे घरात भांडणं नकोत. एक दाणा टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासा, काळपट रेघ उठली की समजायचं पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक. खरं सोनं पिवळीच रेघ देतं.

आता पुतण्या. तो अर्धा बरोबर आहे. ती माती साठली तेव्हा तिच्यात ऑक्सिजन नव्हता हे खरं, पण चिखलात ऑक्सिजन नसणं वेगळं आणि वरच्या पाण्यातच नसणं वेगळं, आणि व्हिडिओवाले नेमकं हेच एकात एक करतात. ओहोटीला जवळच्या खाजणात जा आणि हात चिखलात खुपसा. वरचा बोटभरसुद्धा नसेल एवढा थर तपकिरी, खाली लगेच काळा आणि तोच वास. खाली हवा पोचत नाही, मग तिथले बॅक्टेरिया समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, ते लोखंडाला भेटलं की चिखल काळा होतो आणि पुढे पायराइट. पण खेकड्याचं बीळ फोडून बघा, काळ्या चिखलात बिळाच्या भिंतीला गंजासारखा तांबूस पट्टा दिसेल, कारण खेकड्याबरोबर वरचं ऑक्सिजनवालं पाणी आत गेलं. म्हणजे चिखल काळा असूनही वर सगळं जिवंत, मुळे-तिसऱ्यांसारखे शिंपले आहेत, चिंबोऱ्या आहेत. नुसत्या काळ्या रंगावरून समुद्र मेला म्हणणं म्हणजे धूर बघून गाव जळलं म्हणण्यासारखं झालं.

मग खरा पुरावा कुठला? पहिलं म्हणजे किडे. तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन गेला की चिखल उकरणारं कोणी उरत नाही, आणि मग थर वहीच्या पानांसारखे एकावर एक जसेच्या तसे राहतात, नाहीतर एरवी किडे सगळं कालवून टाकतात. दुसरं पायराइटच, पण तुमच्यासारखे डोळ्याला दिसणारे दाणे नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ते बुंदीच्या लाडवासारखे दिसतात, बारीक बारीक कण चिकटून झालेला गोळा. पाण्यातच सल्फाइड असेल तर हे लाडू पाण्यात वळले जातात आणि मोठे व्हायच्या आत तळाला बसतात, म्हणून साधारण 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि जवळजवळ एका मापाचे. वरचं पाणी चांगलं असेल तर ते चिखलात सावकाश वाढतात, लहानमोठे सगळे मिसळलेले. तुमचे दाणे चिखलातच वाढलेले, वरच्या पाण्याबद्दल ते साक्ष देणार नाहीत.

तिसरं मॉलिब्डेनम, आणि हे मला सगळ्यात आवडतं. चांगल्या समुद्रात हा धातू निवांत विरघळून फिरत असतो, पण सल्फाइड आलं की त्याचं रूप बदलतं आणि तो चिखलाला धरून बसतो. साध्या दगडात दहा लाखांत एक-दोन भाग, तर अशा काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाचा झालेल्या पापुद्र्यांच्या दगडात, कित्येक दहा, कधी 100 च्या वर. गंमत अशी की जगभरचे समुद्र एकदम बिघडले तर सगळीकडचा चिखल तो ओढतो, पाण्यातला साठाच आटतो, आणि नेमक्या सगळ्यात वाईट काळातल्या दगडात तो कमी दिसू शकतो! म्हणून एका आकड्यावर कोणी निकाल देत नाही, युरेनियमसुद्धा बघतात. आणि एका हिरव्या बॅक्टेरियाच्या रंगद्रव्याचे अवशेष शोधतात, कारण त्याला ऊन आणि सल्फाइड दोन्ही एकाच जागी लागतं. ते दगडात सापडलं की समजायचं, विष ऊन पोचतं तिथपर्यंत वर आलं होतं. 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशाच्या दगडात ते सापडलंय, 9 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी समुद्र गुदमरले तेव्हाच्या दगडातही. तो पहिला काळ आपल्याकडे बघायचा तर काश्मीरला, श्रीनगरजवळ गुर्युल रॅव्हाइनला जावं लागेल, तिथे विनाशानंतरच्या थरांत क्लाराया नावाचे पातळ चपटे शिंपले मिळतात, कमी ऑक्सिजनमध्ये तग धरणारे.

कोकणात तसं काही नाही. जांभ्याखालचा आपला काळा कातळ 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो जमिनीवर ओतला गेला, त्याला समुद्राचं काय माहीत. मात्र रेडीच्या खाणीतला पट्ट्यापट्ट्यांचा लोखंडाचा दगड (हो, तीच रेडी, गणपतीची) 250 कोटी वर्षांहून जुना, तेव्हा समुद्रात जवळपास ऑक्सिजनच नव्हता म्हणून लोखंड मिठासारखं विरघळून राहायचं. तिथे ऑक्सिजन गेला नव्हता, यायचाच होता.

तुमच्या मातीत पानं आणि लाकूड आहे म्हणजे ती बहुधा दलदल किंवा खाडीच्या कडेची. भरतीचं पाणी तिथे यायचं का हे लॅबमध्ये कार्बन आणि गंधकाच्या प्रमाणावरून कळू शकतं, समुद्री चिखलात कार्बन गंधकाच्या साधारण 2.8 पट असतो, गोड्या पाण्याच्या चिखलात बराच जास्त, कारण तिथे सल्फेट नसतंच फारसं.

आणि समुद्र राहूद्या, ती काढलेली माती विहिरीच्या काठाला आणि कलमांच्या मुळाशी टाकू नका. पायराइटला हवा-पाणी लागलं की हिराकस आणि गंधकाचं आम्ल होतं, ढिगावर पांढरंपिवळं फुललेलं दिसेल. पाण्याचा पीएच, लोखंड आणि सल्फेट तपासून मगच प्या.

प्रश्न: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाच्या जाळ्याला कधीकधी काहीच लागत नाही. म्हातारे म्हणतात पाणी खराब झालं. हे तेच का? – मालवण

उत्तर: बऱ्याचदा तेच. पावसाळ्यात खोल समुद्रातलं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं, वर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं, आणि तळाचा उरलासुरला ऑक्सिजनही कुजण्यात संपतो. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक कांदोळीसमोर 27 मीटरच्या आसपास खोल पाण्यात हे कित्येक वर्षं मोजताहेत, काही वर्षी तळाला सल्फाइडसुद्धा मिळालंय. जी मासळी पोहू शकते ती सरकते, म्हणून तुमचं जाळं रिकामं. याची खूण दगडात राहील का? कठीण आहे, कारण दिवाळीनंतर प्रवाह उलटतो, ऑक्सिजन येतो, किडे परततात आणि चिखल पुन्हा खालीवर करून टाकतात.