पोस्टपेड बंद केलं, तरी शेवटचं बिल नेहमीपेक्षा जास्त कसं?

जास्त आलं म्हणजे चुकलंच असं नाही. मासिक भाडं बहुतेकदा आगाऊ लागतं, रोमिंग आणि जादा वापराचे पैसे मागाहून. शिवाय नोटीसचे दिवस, मुदतीआधी करार मोडल्याचा आकार, हँडसेटचे उरलेले हप्ते. हे सगळं शेवटच्या बिलात एकदम येतं आणि आकडा फुगतो.

आधी बघा, बंद करण्याची विनंती कोणत्या तारखेला नोंदली गेली. नोटीसचा काळ संपल्यानंतरचंही भाडं लावलं असेल, तर तुमचा मुद्दा पक्का आहे. तक्रार लेखीच करा आणि तक्रार क्रमांक घ्या. फोनवर ‘काढून टाकतो सर’ म्हणणारा पुन्हा सापडत नाही! वाद नसलेली रक्कम मात्र वेळेवर भरा. अख्खं बिल अडवलंत तर ते थकबाकी म्हणून वसुलीवाल्यांकडे जाऊ शकतं, क्रेडिट स्कोअरलाही झळ बसू शकते.

आणि बँकेतलं ऑटो-पे थांबवलं म्हणजे करार संपला, असं समजू नका. ही गल्लत फार जण करतात. सुरुवातीला अनामत रक्कम भरली होती का? असल्यास ती बिलातून वळती केली आहे का, तेही तपासा.